मदत हवी आहे: आई-बाबांना घरातच त्रास, भाऊ माझ्या सहीसाठी अडून बसलाय

नमस्कार. इतकी वर्षं इथं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय, तेही रात्री एक वाजता. थोडं लांबेल.

माहेर कराड तालुक्यात, उंब्रजच्या अलीकडचं गाव. मी पिंपरीत असते. बाबा 76 वर्षांचे, आई 71. बाबा एसटीत वाहक होते. निवृत्तीच्या पैशातून गावठाणात तीन खोल्यांचं घर बांधलं, आणि 2021 मध्ये, कोरोनाच्या त्या घाबरलेल्या दिवसांत, ते भावाच्या नावानं बक्षीसपत्र करून देऊन टाकलं. उद्या आपल्याला काही झालं तर पोराला हेलपाटे नकोत, एवढाच विचार. शेती आजोबांपासूनची, 38 गुंठे, सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव आहे.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. गेल्या दिवाळीपासून मागे लागलाय की हक्कसोडपत्रावर सही कर. मी नाही म्हटलं नव्हतं, नुसतं "बघू" म्हटलं होतं. आईनंच फोनवर हळू आवाजात सांगितलं होतं, आत्ता करू नको. त्या "बघू"ची वसुली आता त्या दोघांकडून चाललीय.

आधी टीव्हीचा रिचार्ज बंद झाला. मग आईनं स्वयंपाकघरात यायचं नाही असं ठरलं. तिनं मागच्या पडवीत चूल मांडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई धुरात बसून भाकरी थापते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या खोलीची वायरच काढून टाकली. मीटर बाबांच्या नावावर, बिल त्यांच्या पेन्शनमधून, आणि अंधारात तेच. पेन्शन तरी काय, ईपीएसचे, म्हणजे पीएफवाल्या पेन्शन योजनेचे, अडीच-तीन हजार. त्याचं एटीएम कार्डही भावाच्या खिशात. मागच्या आठवड्यात बाबांनी कार्ड मागितलं तर त्यानं ढकललं. बाबा उंबऱ्यावर पडले. मनगटाला प्लास्टर आहे.

मी गेले आणि त्यांना घेऊन पोलिसांकडे गेलो. घरातला मामला आहे, बसून मिटवा, म्हणाले. फार विनवल्यावर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतली.

दोघांना इकडं आणायला मी तयार आहे, नवराही तयार आहे. बाबा मागे एकदा आले होते, चौथ्या दिवशी "गावाला सोड" सुरू. आई तर उंबरा ओलांडत नाही. जावयाच्या दारात म्हातारपण काढणार नाही म्हणते, आणि गोठ्यात म्हैस आहे.

आता विचारायचंय ते असं. सही करून टाकली तर त्यांचा त्रास थांबेल का? खरं सांगते, शनिवारी जाऊन करून टाकावी असं मनात आहे. नाही केली, तर मी मुलगी म्हणून कुठं अर्ज करू शकते का? बक्षीसपत्र परत फिरवता येतं का? आणि आई तक्रारीला तयार नाही, त्याचं काय करू? "पोटचं हाय ते. त्याला जेलात घालायला जन्म न्हाय दिला," एवढंच बोलते.

घाटमाथा: ताई, आधी 14567 ला फोन लावा. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8. मारहाण चालू असेल त्या क्षणी मात्र 112.

जुना कारकून: सही करू नका. बाकीचं नंतर वाचा, हे आधी.

मी महसुलात होतो, प्रांताच्या म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत. असे अर्ज हातून गेलेत. घर त्याच्या नावावर होऊन चार-पाच वर्षं झाली, त्यानं म्हाताऱ्यांचं सुख वाढलं का? मग जमीन दिल्यावर कसं वाढेल? आज तुमची सही मिळवायची म्हणून तरी तो त्यांना घरात ठेवून आहे. हक्कसोडपत्र नोंदवलं, तलाठ्याकडं फेरफार पडला, की तुमच्या हातात काय उरलं? बाबांनाही सांगून ठेवा, कोणत्याही कागदावर सही-अंगठा नाही. "पीक कर्जाचा कागद आहे" असं म्हणून पुढं केला तरी नाही.

आता कायदा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. आपल्याकडं 1 मार्च 2009 पासून लागू. त्याचं न्यायाधिकरण म्हणजे तुमच्यासाठी कराडचे प्रांत. अर्ज साध्या कागदावर. वकिलानं बाजू मांडायची नाही असं कलम 17 मध्येच लिहिलंय, त्यामुळं फीचा प्रश्न नाही. लिहायला मदत कुणाचीही घ्या. अर्जदार आई-बाबा. त्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते, म्हणजे तुम्हीही. पण शक्यतो बाबांनाच करू द्या. तुमचं नाव वर दिसलं की भाऊ पहिल्या तारखेला "हिला वाटा पाहिजे" हेच म्हणणार, आणि सगळी सुनावणी त्याच्यावर जाणार.

एक कटू गोष्ट आत्ताच सांगतो. कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. भावानं मागणी केली तर निर्वाह भत्त्यात तुम्हालाही सामील करता येतं. तयारी ठेवा. महिन्याला 10,000 ही कायद्यातली कमाल मर्यादा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल, फार तर 30 दिवस वाढवून. हे झालं कागदावरचं. निवडणूक लागली की प्रांतसाहेब तिकडं, आणि तुमची फाईल कपाटात. म्हणून अंतरिम भत्ता पहिल्याच अर्जात मागा. तो न मागणारे फार पाहिलेत.

नुसते पैसे मागू नका. वीज जोडून द्यावी, स्वयंपाकघर-संडास वापरायला अडवू नये, कार्ड परत करावं, अंगावर हात टाकू नये, हे एकेक वाक्य वेगळं लिहा. "त्रास होतो" एवढं लिहिलेला अर्ज वाचून साहेबाला आदेशात काय लिहावं तेच कळत नाही. सोबत दोघांचे आधार, एनसीची प्रत, प्लास्टरचा दवाखान्याचा कागद, वीजबिल, पासबुक. आणि अर्ज निकाली लागायची वाट न बघता बाबांना बँकेत नेऊन कार्ड बंद करा, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही बघा. हे काम एका दुपारचं आहे.

बक्षीसपत्राचं अवघड आहे. कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. पण अट हवी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये हेच ठासून सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये, एका आईच्याच प्रकरणात, ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचा असं म्हणून बक्षीसपत्र रद्द केलं, ताबाही परत द्यायला सांगितला. पण तिथं मुलानं सांभाळायचं लिहून दिलेलं होतं. आपल्याकडचे लेखनिक बहुधा "नैसर्गिक प्रेम व मायेपोटी" एवढं टाकून मोकळे होतात. दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. "सेवाशुश्रूषा", "तहहयात राहण्याचा हक्क" असं काही त्यात आहे का, ते शोधा आणि इथं लिहा.

रोखठोक: धागा एकतर्फी वाटतोय. वहिनीची बाजू काय? सासू-सासऱ्यांचं करणारी तीच ना? पुण्याकडं बसून सल्ले देणं सोपं असतं.

धागाकर्ती: बरोबर आहे, तीच करत होती. सात वर्षं केलं तिनं, आणि मी ते कधी नाकारलं नाही. वायर तिनं काढलेली नाही.

दोन चुली: रोखठोक, प्लास्टरला दुसरी बाजू नसते.

ताई, कारकून काकांनी एक वाट सोडली. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं गावात सगळ्यांना वाटतं. आईही मुलाविरुद्ध त्यात दाद मागू शकते. संरक्षण अधिकाऱ्याकडं जा, किंवा थेट कोर्टात. चूल वेगळी करायला लावणं, खोलीची वीज तोडणं हे त्यात बसतं. हा फौजदारी खटला नव्हे, आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो. आईंना नेमकं असंच समजावून सांगा: "आधी फक्त ताकीद, आई." माझ्या आत्यानं ही वाट धरली होती. तिलाही जेल या शब्दाचीच भीती होती. कराडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर 15100.

जुना कारकून: मान्य, ती वाट माझ्या कचेरीबाहेरची. एक जपा. त्याला घराबाहेर काढा अशी मागणी लगेच नको. सून त्या घरात नांदतेय, तिलाही त्याच 2005 च्या कायद्यानं राहण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये दोन्ही कायदे एकत्र तोलायला सांगितलंय. शिवाय घर आज कागदोपत्री त्याचं आहे.

धागाकर्ती: शनिवारी गेले, सही करायला नाही. सोमवारची रजा टाकून थांबले. बँकेत जाऊन कार्ड बंद केलं. मोबाईल नंबर भावाचाच निघाला, तोही बदलला. दस्ताची नक्कल मिळाली. काका, "नैसर्गिक प्रेम" आहेच, पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा तहहयात सांभाळ करावयाचा आहे" अशी ओळ आहे. बाबांना ती आठवतसुद्धा नव्हती. दोनदा वाचून दाखवली.

अर्ज बाबांच्या नावानं लिहून काढला, सात मुद्दे झाले. बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. आई लांब बसून ऐकत होती. मी म्हटलं, तुझी सही नको असेल तर राहू दे. ती उठून आली, चष्मा लावला आणि सगळा अर्ज स्वतः वाचला. मग विचारलं, "ह्यात सूनबाईचं नाव हाय का?" मी नाही म्हटलं.

"मग आन पेन."

जुना कारकून: घालूही नका. "अपत्य" या शब्दात सून बसत नाही. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.