मदत हवी आहे: ग्राइंडरचे गार्ड टिकत नाहीत, सुरुवात कुठून करावी?

खटपट्या:
छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, १२ माणसं. २०० मिमी चाकाचे दोन बेंच ग्राइंडर आणि १२५ मिमीचे पाच अँगल ग्राइंडर. गार्ड (चाकावरचं संरक्षक कवच) बसवले की आठवड्याभरात काढून कोपऱ्यात टाकलेले दिसतात. नोटीस लावली, दंडाची तंबी दिली, हातमोजे आणि गॉगल सगळ्यांना वाटले. फरक शून्य. काय चुकतंय?

जुनापान्हा:
दंडाचं राहू द्या, गार्ड कशापायी निघतो ते आधी बघा. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं.

पहिलं, गार्डचा क्लॅम्प स्क्रूचा असतो. कोन बदलला की स्क्रूड्रायव्हर शोधायचा, ढिला करायचा, फिरवायचा, परत आवळायचा. दिवसातून वीसदा हे कोण करणार? खटक्याने फिरणारा गार्ड असलेलं मशीन घ्या, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

दुसरं कारण जास्त वाईट. १२५ ची डिस्क खोल कापत नाही म्हणून त्याच मशीनवर १८० ची चढवतात. दोन्हींचं भोक २२.२३ मिमी, त्यामुळे ती बसते. गार्ड मात्र आड येतो, म्हणून निघतो. आता मशीनची पाटी वाचा: साधारण ११,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. १८० च्या डिस्कवर छापलेलं असतं ८,५००. म्हणजे ८० मीटर प्रति सेकंदासाठी बनवलेली कड १०३ च्या वर पळते, आणि ताण वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो दीडपटीहून जास्त होतो. डिस्क फुटली की तुकडा थेट तोंडाच्या दिशेने येतो. गॉगल त्याला पुरत नाही, वर फेस शील्ड हवी.

१८० च्या डिस्क कुलपात ठेवा आणि फक्त १८० च्या मशीनसोबतच द्या. ते मशीन नसेल तर एक आणा. नाहीतर कुलूप फुटेल, खोल कापायचं काम थोडंच थांबणार आहे?

ठिणगी:
बेंच ग्राइंडरचं मी सांगतो. टूल रेस्ट (जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, टेकवायची पट्टी) आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. वरची जीभ, म्हणजे गार्डच्या वरच्या टोकाची सरकणारी पट्टी, चाकापासून ६ मिमीच्या आत. चाक झिजत जातं आणि फट आपोआप वाढते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मग छोटा जॉब फटीत ओढला जातो, पाचर बसते, चाक तडकतं.

३ मिमी पट्टीचा तुकडा साखळीने मशीनलाच टांगून ठेवा. शिफ्ट सुरू होताना तो सहज आत शिरला तर रेस्ट पुढे सरकवायची. चाक पूर्ण थांबल्यावरच, फिरतं असताना कधीही नाही.

हातमोजे मात्र इथे काढायला लावा. विणलेल्या मोज्याचा धागा चाकाने पकडला तर बोटं मागोमाग जातात. ड्रिल मशीनलाही हाच नियम.

खटपट्या:
मोजे नाहीत तर छोट्या जॉबचा चटका बसतो, तक्रार येणारच.

ठिणगी:
लॉकिंग प्लायरमध्ये पकडा आणि शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. फक्त जॉब बुडवायचा, चाक ओलं करायचं नाही.

जुनापान्हा:
नवीन चाक बसवण्याआधी वाजवून बघता का? भोकात बोट किंवा दांडी घालून कोरडं चाक टांगा. उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिमी आत, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करा. फिरवून परत. चांगलं व्हिट्रिफाइड (मातीसारखं भट्टीत भाजलेलं) चाक खणखणतं. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला की ते तिथेच मोडून टाका, बाजूला ठेवलं तर कुणीतरी परत बसवतं. रेझिनच्या चाकाचा आवाज मुळातच मंद असतो, त्याची तुलना याच्याशी करू नका.

बसवताना दोन्ही फ्लँज (चाकाला दोन बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या) एकाच व्यासाच्या, त्या आणि चाक यांच्या मध्ये ब्लॉटर, म्हणजे कागदी चकती. मशीन सुरू केल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरवा.

खटपट्या:
अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेटही याच चाकावर घासतात. चालतं?

ठिणगी:
नाही. मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक घासायचं सोडून नुसतं तापतं आणि फुटू शकतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र साठले तर ठिणगीने भयंकर पेटतात. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा सँडर ठेवा, पूडही वेगळी गोळा करा.

खटपट्या:
उद्या दोन्ही बेंच ग्राइंडरची चाकं उतरवून वाजवून बघतो. एकाचा डावीकडचा नट हलतच नाहीये.

जुनापान्हा:
प्लग काढला का, ते आधी. मग नट उलट फिरवून बघा, डावीकडच्या स्पिंडलचे आटे डावे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटेल.