एलएलबीच्या वीस विषयांत निशाणी ५ चा अर्ज कुठे बसतो?

तालुका कोर्टातला वकील

मागच्या महिन्यात माझ्याकडे एक ज्युनिअर आला. नुकताच एलएलबी झालेला, पहिला वर्ग, वकिलीची सनद हातात. त्याच दिवशी ऑफिसात बांधाच्या भांडणाचा पक्षकार बसला होता. शेजाऱ्यानं उत्तरेचा बांध नांगरून दीड हात आत सरकवला होता. पोराला म्हटलं, दावा तयार कर आणि सोबत निशाणी ५ चा अर्ज. वकिलीबाहेरच्यांसाठी सांगतो, तूर्तातूर्त मनाई हुकूम मागायचा अर्ज आमच्याकडे या नावानं ओळखला जातो.

त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेतली मनाई हुकुमाची ऑर्डर ३९ तोंडपाठ होती. प्रथमदर्शनी केस, सोयीगैरसोयीचं पारडं, भरून न येणारं नुकसान, तिन्ही कसोट्या घडाघडा सांगितल्या. संध्याकाळी मसुदा आला, त्यात मिळकतीचं वर्णन एवढंच: ‘वादीची शेतजमीन’. गट नंबर नाही, क्षेत्र नाही, चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी नाहीत. सातबारा टेबलावर होता, पण तो वाचायचा कसा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. वाद उत्तरेच्या बांधाचा आणि अख्ख्या अर्जात उत्तर दिशा नाही! असा अर्ज मंजूर झाला तरी तो हुकूम लावायचा कुठल्या बांधाला?

पोराचा राग आला नाही, शिक्षणाचा आला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत २० अनिवार्य कायदेविषय आणि ४ प्रात्यक्षिकाचे पेपर आहेत. मसुदालेखनाच्या पेपरला दावे-अर्जांचे १५ आणि दस्तांचे १५ मसुदे, प्रत्येकी ३ गुण, वर तोंडी परीक्षेचे १०. त्यानं ते तीसही लिहिले होते, गाईडातून उतरवून. माझं म्हणणं असं की खऱ्या कागदांवरून एक तरी दावा स्वतः लिहिल्याशिवाय कुणालाही ही पदवी देऊ नये. सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, ती उगाच नाही.

लॉ कॉलेजातली प्राध्यापिका

वकीलसाहेब, तुमची तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. चतुःसीमा लिहायला तुमच्या हाताखाली आठ दिवस पुरतात. जे आठ दिवसांत येत नाही ते आम्ही शिकवतो.

१ जुलै २०२४ ला दंड संहितेची ५११ कलमं गेली आणि न्याय संहितेची ३५८ आली. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. त्या वर्षी दोन तऱ्हेचे विद्यार्थी माझ्यासमोर होते. आकडे घोकलेले पार गोंधळले. ज्यांना सदोष मनुष्यवध आणि खून यांतली सीमारेषा कळली होती, हेतू कुठे संपतो आणि जाणीव कुठे सुरू होते हे कळलं होतं, त्यांनी नवं पुस्तक उघडलं आणि पुढे निघाले.

प्रशासकीय कायदा घ्या. रेशन दुकानाचा परवाना नोटीस न देता रद्द होतो. पक्षकार येऊन फक्त ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणतो. आपलं म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही, हा त्याचा सगळ्यात बळकट मुद्दा त्याला स्वतःला ठाऊक नसतो. तो दिसायला नैसर्गिक न्यायाचं तत्त्व अंगात मुरलेलं लागतं.

आणि तीन वर्षांची अट तर माझ्या बाजूनं बोलते. वकिली कोर्टात शिकायची असते हेच त्या निकालातून निघतं. ते ओझं पदवीवर कशाला टाकता?

तालुका कोर्टातला वकील

मॅडम, त्या आठ दिवसांत पक्षकाराचा बांध जातो. सनद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी नवा वकील एकट्यानं दावा दाखल करू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. डॉक्टरला आपण इंटर्नशिपशिवाय सोडत नाही.

चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, बी.ए. एलएल.बी.

आम्हालाही पाच वर्षांत मिळून किमान २० आठवडे इंटर्नशिप आहे, तीन वर्षांच्या कोर्सला १२. नियमात कमी नाही, पाळण्यात आहे. मूट कोर्टाच्या, म्हणजे सरावासाठीच्या लुटुपुटूच्या कोर्टाच्या, पेपरमध्ये ३० गुण दोन खटले प्रत्यक्ष बघण्याचे आहेत, एक दिवाणी, एक फौजदारी. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी सिनिअरचं जर्नल उतरवलं, खटल्याच्या नंबरसकट. कुणी विचारलं नाही.

मी गेले होते, सत्र न्यायालयात चार तारखांना. तिसऱ्या तारखेला पंच साक्षीला उभा राहिला. ‘पंचनाम्यावर सही माझी आहे, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता.’ सरकारी वकील क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी पंच फितूर झाल्याचं सांगून त्याला उलट प्रश्न विचारायची परवानगी मागितली. पुराव्याच्या पेपरला यावर मी पाच गुणांचं टिपण लिहिलं होतं. पण त्या माणसाचे हात कठड्यावर कसे थरथरत होते, ते टिपणात नव्हतं. बाहेर आल्यावर कळलं, पंच आणि आरोपी एकाच वाडीतले.

म्हणून मॅडमचंही खोटं म्हणवत नाही. पहिल्या दोन वर्षांत समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकताना वाटायचं, हे कशाला? त्या दिवशी पंच का फिरला असेल हे समजायला मला समाजशास्त्रच कामी आलं.

चाळिशीनंतर एलएलबी केलेली

तुम्ही सगळे ही पदवी वकिलांसाठीच असल्यासारखं बोलताय. मी नोकरी करत संध्याकाळी अभ्यास करून तीन वर्षांचा कोर्स केला. कोर्टात एकदाही उभी राहिलेली नाही, राहणारही नाही.

दोन वर्षांपूर्वी चुलत बहिणीनं एका कागदाचा फोटो पाठवला. भाऊ म्हणाला होता, वारसनोंद करायची आहे, उद्या दुय्यम निबंधकाकडे सहीला ये. कागदावर लिहिलं होतं ‘हक्कसोडपत्र’. मी फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, माझं लग्न १९९१ चं, मला कुठे काय मिळतंय!’ हा समज गावोगाव आहे आणि त्याला कारणही आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची ती अट राहिली नाही. वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

हे सगळं मला कौटुंबिक कायद्याच्या पेपरनं दिलं. दावा लिहायला शिकल्याशिवाय पदवी नाही म्हटलंत, तर माझ्यासारख्या बायका प्रवेशच घेणार नाहीत. बहिणीनं सही केली नाही. भावाशी बोलणं बंद आहे, त्याचं दुःख आम्हा दोघींनाही आहे.

मराठी माध्यमाचा, दुसरं वर्ष

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आमची व्याख्यानं आणि पुस्तकं जवळजवळ सगळी इंग्रजीत, आणि तालुक्याचा रोजनामा, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) मराठीत. मी मराठी शाळेतून आलो, तरी ‘कैफियत’ म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर हे मला कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये कळलं. त्या ज्युनिअरला ‘चतुःसीमा’ हा शब्द वर्गात कुणी ऐकवला तरी होता का?

तालुका कोर्टातला वकील

नसेल ऐकवला. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ताई, तुमच्या बहिणीचं वाचून मी माझी अट थोडी बदलतो. पदवी सर्वांना द्या, सनद मात्र दावा लिहिल्यावर. आज बार कौन्सिलची परीक्षा आहे, पण ती १०० बहुपर्यायी प्रश्नांची. पर्यायाला टिक करून बांध वाचत नाही.

लॉ कॉलेजातली प्राध्यापिका

पदवी आणि सनद वेगळी करणार असाल तर माझा विरोध बराच कमी होतो. तरीही न्यायशास्त्राचा एक तास कमी करून मसुद्याला द्या म्हणाल तर मी देणार नाही.

गाईडातून उतरवण्याचं मात्र आमच्याकडून होतं, ते मान्य. ते तीस मसुदे तपासणं माझ्याच हातात आहे. पक्षकाराचं नाव-गाव झाकून एखादा जुना सातबारा, मोजणीचा नकाशा आणि फेरफार मिळेल का तुमच्याकडून? पुढच्या सत्रात पहिला मसुदा त्यावरूनच लिहायला लावते.

तालुका कोर्टातला वकील

तीन संच देतो. एकात मोजणीच्या नकाशात आणि सातबाऱ्यात क्षेत्राचा फरक आहे. मुलांना आधी सांगू नका.