स्टार्चच्या ईटीपीत आंबट वास, गॅस पण बंद
रबाळेवाला: आमचं छोटं स्टार्च युनिट आहे, आठवडाभर ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये) आंबट वास येतोय, यूएएसबीचा (हवेशिवाय जिवाणूंनी सांडपाणी कुजवून बायोगॅस काढणाऱ्या टाकीचा) पीएच 6 च्या खाली गेलाय आणि गॅस जवळपास बंदच, काय करू?

ठाणेकर_ईटीपी: लोड (टाकीत सोडायचा सांडपाण्यातला माल) एकदम वाढवला असणार तुम्ही. स्टार्च पटकन आंबतं, आम्ल साचलं की मिथेन बनवणारे जिवाणू थंड पडतात. आधी फीड थांबवा, सोडा बायकार्ब टाकून पीएच 7 च्या आसपास आणा, मग हळूहळू चालू करा. 1 किलो सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) कमी झाला की जास्तीत जास्त 0.35 घनमीटर मिथेन निघतो, बॉयलरला वापरा की राव.

रबाळेवाला: हो, मोठी ऑर्डर आलेली 🙈

केमिस्ट_ताई: नुसता पीएच बघू नका, व्हीएफए-अल्कलिनिटीचा (साचलेली आम्लं भागिले पाण्याची आम्ल झेलायची ताकद) रेशो 0.3 च्या वर जायला लागला की बिघाड आधीच कळतो. आणि चुना ओतू नका हं, गाळात खडे होतात, आम्ही भोगलंय.