'रीक्स' म्हणजे राजा का? (गॉथ लोकांचा शब्द आहे)

पडवीतला: जुन्या गॉथ लोकांवर (रोमन साम्राज्याशी झुंजलेले जर्मानिक लोक) मराठीत थोडं लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. त्यांच्या भाषेत 'रीक्स', लॅटिनमध्ये 'रेक्स', आपला संस्कृत 'राजन्', सगळे एकाच मुळातले, म्हणून मी अलारिक, अथनारिक, दिसेल त्या गॉथ पुढाऱ्याला राजा लिहीत सुटलो. आता मित्र म्हणतो की हे चूक आहे. का बरं?

सदाफुली: मित्राचं बरोबर आहे. नातं खरंय, फक्त गॉथांकडे तो शब्द केल्टिक लोकांकडून आला असं मानतात. पण आडनाव एक असलं म्हणून हुद्दा एक होत नाही ना. चौथ्या शतकात वुल्फिला बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं त्यात बघा, ग्रीकमध्ये जिथे राजा आहे तिथे तो 'थिउदान्स' घालतो, हेरोद थिउदान्स, क्रुसावरच्या पाटीवर येशू पण 'यहुद्यांचा थिउदान्स'. आणि रीक्स कोण, तर मत्तय ९:१८ मध्ये मुलगी वारली म्हणून धावत आलेला तो माणूस, ज्याला मराठी बायबल नुसतं 'अधिकारी' म्हणतं! पिलाताला 'किंदिन्स', आपल्याकडे सुभेदार. हे सुभेदार मला फार आवडतं, रोमन गव्हर्नरला एकदम घरचा करून टाकलाय.

पडवीतला: अरे बापरे. म्हणजे राजाचा सख्खा भाऊबंद शब्द तिकडे सरदार झाला?

सदाफुली: हो, सरदार चालेल. 'थिउदा' म्हणजे लोक, त्यावरून थिउदान्स, म्हणजे अख्ख्या लोकांचा प्रमुख. जर्मन 'डॉइच' पण त्याच मुळातला. थिओडोरिक या गॉथ राजाच्या नावात थिउदा आणि रीक्स दोन्ही बसलेत.

तिरकस: मग अथनारिकचं काय करणार? रोमन लोक त्याला 'यूडेक्स' म्हणायचे, डिक्शनरीत बघाल तर न्यायाधीश. कृपया तसं लिहू नका हो, काळा कोट घालून कोर्टात बसलेला गॉथ डोळ्यासमोर येतो. थेमिस्टियस नावाचा वक्ता सांगतो की त्याला राजा म्हणवून घ्यायचंच नव्हतं, राजा म्हणजे नुसती ताकद आणि निवाडा करणारा म्हणजे शहाणपण असं काहीतरी त्याचं म्हणणं. रोमच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही अशी शपथ होती म्हणे त्याची, त्यामुळे ३६९ साली सम्राट व्हॅलेन्सला डॅन्यूब नदीच्या मधोमध होडीत येऊन तह करावा लागला. आणि शेवटी ३८१ मध्ये मेला कुठे, तर कॉन्स्टँटिनोपलमध्ये पाहुणा म्हणून, तिथे पोचून जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी 'निवाडाकार' लिहीन, थोडा अवघडलेला शब्द आहे पण चूक नाही.

पडवीतला: निवाडाकार घेतो. आणि अमल, बाल्थ यांना घराणं म्हणू की कूळ?

सदाफुली: घराणं. बाल्थ म्हणजे धाडसी, इंग्रजी 'बोल्ड'चा नातेवाईक, त्यात अलारिक येतो. अमलांमध्ये थिओडोरिक. पण वंशावळीवर फार भरवसा ठेवू नका, कॅसिओडोरसने थिओडोरिकच्या नातवाला, अथालारिकला, राजघराण्यातली सतरावी पिढी करून दाखवलं. आपल्याकडे हेळवी पिढ्या वाचून दाखवतात तसं, फक्त इथे वाचणारा दरबारचाच नोकर.

तिरकस: आणि घराण्याचा माणूस कामाचा निघाला नाही की घराणं बाजूला! ५३६ साली गॉथ राजा थिओडाहाड रोमन सैन्यापुढे ढिम्म बसला, तेव्हा गॉथ सैन्याने विटिगिसला राजा केलं, जो अमल नव्हताच. थिओडाहाडला मारलं, आणि मग विटिगिसने घाईघाईने थिओडोरिकची नात मातासुंथा हिच्याशी लग्न लावून घेतलं.

पडवीतला: म्हणजे जावई होऊन घराण्यात शिरला. बरं, थिउदान्सला राजा, रीक्सला सरदार, आता अख्खा मजकूर परत तपासायला बसतो, अलारिकला मात्र राजाच ठेवतोय.

तिरकस: ठेवा की, त्याला कोण अडवणार, ४१० मध्ये त्याने रोम लुटलं तेव्हा रोमवाल्यांनाही जमलं नाही.