गटाचा नकाशा आणि पूररेषा जुळत नाहीत

प्रश्न: मुठेकाठच्या आमच्या गटाचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत उपग्रहचित्रावर ठेवला, तेव्हा आमची विहीर शेजाऱ्यांच्या बांधापलीकडे गेली, अशा वेळी निळी पूररेषा आमच्या जमिनीतून कुठून जाते, हे कसे ठरवावे?

उत्तर १: आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, तपासावे. पुणे यूटीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात येते; भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे मात्र एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमेवर) आधारलेले असल्याने डब्ल्यूजीएस ८४ मध्ये (जीपीएस वापरते त्या संदर्भप्रणालीत) रूपांतर न केल्यास ते सरकतात. विहीर, बांधाचा कोपरा असे न हलणारे बिंदू घेऊन नकाशा बसवावा.

उत्तर २: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कळकळीने सांगतो, पडद्यावरच्या हद्दीवर विसंबून जोते घालू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.