कॅन्टिलिव्हरचं डिफ्लेक्शन: चार वेळा इंटिग्रेट करून १.६७ मिमी, पुस्तकात ५ मिमी

सिव्हिल_दुसरंवर्ष: कॅन्टिलिव्हर, म्हणजे एक टोक भिंतीत पक्कं आणि दुसरं मोकळं असलेली तुळई. लांबी २ मीटर, सगळ्या लांबीवर ३ किलोन्यूटन प्रति मीटर लोड, ईआय (वाकण्याला होणारा विरोध) = १२०० किलोन्यूटन-मीटर². क्ष भिंतीपासून, य म्हणजे डिफ्लेक्शन (तुळई किती खाली वाकते), खाली धन. ईआय·य'''' = ३ चार वेळा इंटिग्रेट केलं आणि भिंत हलत नाही म्हणून क्ष = ० ला चारही कॉन्स्टंट शून्य घेतले. ईआय·य = क्ष⁴/८ येतं, टोकाला २/१२००. कुठे चुकतंय?

तुळई: इंटिग्रेशन बरोबर आहे, अटी चुकल्यात. भिंतीपाशी फक्त य आणि य' शून्य. य'' मोमेंटशी (तुळई वाकवणारा परिणाम) आणि य''' शिअरशी (आडवं कापू पाहणारं बल) बांधलेलं आहे. तेही तिथे शून्य धरलं की भिंत भारच घेत नाही असं होतं. खरं तर दोन्ही तिथेच सर्वांत जास्त असतात. शून्य होतात ती मोकळ्या टोकाला, क्ष = २ ला:

ईआय·य''' = ३क्ष + अ, अ = −६
ईआय·य'' = ३क्ष²/२ − ६क्ष + ब, ब = ६
ईआय·य' = क्ष³/२ − ३क्ष² + ६क्ष (क = ०)
ईआय·य = क्ष⁴/८ − क्ष³ + ३क्ष² (ड = ०)

क्ष = २ ला २ − ८ + १२ = ६, आणि ६/१२०० = ०.००५ मीटर. कॉन्स्टंट त्या त्या पायरीलाच लिहा. अ शेवटी अक्ष³/६ होऊन येतो, नुसता 'अधिक क' राहत नाही.

उलटा_क्ष: क्ष मोकळ्या टोकापासून मोजलात तर अ आणि ब आपोआप शून्य. य' ची अट क्ष = २ ला लावून क = −४, मग य ची लावून २ − ८ + ड = ०, ड = ६. टोक आता क्ष = ० ला आहे, म्हणून ड हेच उत्तर. फक्त स्लोपचं (य' चं) चिन्ह उलटतं, तिथे जपा.

सिव्हिल_दुसरंवर्ष: टोकाखाली टेकू दिला तर?

तुळई: मग क्ष भिंतीपासूनच बरा. टोकाला शिअर शून्य नाही, त्यामुळे अ लगेच सुटत नाही. अ, ब शेवटपर्यंत न्यावे लागतात. टोकाला य'' = ० वरून ६ + २अ + ब = ०, य = ० वरून २ + ४अ/३ + २ब = ०. अ = −३.७५, ब = १.५. टेकूवर ६ − ३.७५ = २.२५ किलोन्यूटन.

उलटा_क्ष: तुळई मातीवर टेकलेली असेल तर मात्र ही रीत सोडा. मातीचा वरचा जोर य वरच अवलंबून असतो, म्हणून समीकरणात य स्वतःच येतो, आणि जो अजून माहीत नाही तो इंटिग्रेट कसा करणार?