भाजलेल्या रुग्णाच्या किडनीला इजा होणार, हे आधी कसे ओळखावे?

प्रश्न (निवासी डॉक्टर, शल्यचिकित्सा)
गेल्या महिन्यात गॅसच्या भडक्यात ४५ टक्के भाजलेले, ६० किलो वजनाचे एक गृहस्थ आमच्या अतिदक्षता विभागात दाखल झाले. पार्कलंड सूत्राप्रमाणे (वजन आणि भाजल्याची टक्केवारी यांवरून द्रव ठरवण्याचे सूत्र) २४ तासांचे १०,८०० मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचे क्षारयुक्त द्रव, निघाले आणि त्यातले निम्मे भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत द्यायचे होते. मात्र ते भाजल्यानंतर ४ तासांनी पोहोचले होते आणि मी ८ तास दाखल झाल्यापासून मोजले, ही चूक मला फार उशिरा लक्षात आली. क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने बाहेर टाकायचा घटक) दाखल होताना ०.७, दुसऱ्या दिवशी ०.९ आणि तिसऱ्या दिवशी १.६ आले. दुसऱ्या दिवशी राउंडला मी कागदावर ‘किडनी ठीक’ असे लिहिले होते, ते मनातून जात नाही. हे आधी कळले असते का? नव्या चाचण्या किंवा संगणकीय मॉडेल यात कितपत उपयोगी पडतात?

उत्तर (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ)
आधी लघवीचा तासागणिक तक्ता काढून पाहा. ताशी किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा, म्हणजे या रुग्णात ३० मिलीपेक्षा, कमी लघवी सलग ६ तास झाली, तर किडनीच्या इजेच्या २०१२ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार क्रिएटिनिन कितीही असले तरी इजा झालेली असते. शिवाय लिटरच्या लिटर सलाइन गेल्यावर क्रिएटिनिन पातळ होऊन खोटा दिलासा देते. शिल्लक राहिलेल्या द्रवाला (दिलेला वजा बाहेर पडलेला) शरीरातील एकूण पाण्याने, म्हणजे वजनाच्या साधारण ६० टक्क्यांनी, भागा, त्यात १ मिळवा आणि त्या आकड्याने क्रिएटिनिनला गुणा.

प्रश्नकर्ता
तक्ता काढला. पहिल्या रात्री १० ते पहाटे ५ पर्यंत २५, २४, २०, २२, १८, २०, २० अशी नोंद आहे आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ ओढलेली आहे. दुसऱ्या दिवशी ७ लिटर द्रव शिल्लक होता. भागिले ३६ केल्यावर ०.९ चे १.०७ होतात, म्हणजे मूळ ०.७ च्या दीडपटीहून अधिक, आणि दीडपट वाढ ही केडिगोत इजेची खूण आहे.

उत्तर (जळीत विभागातील परिचारिका)
डॉक्टर, त्या ७ लिटरवर फार विसंबू नका, कारण जखमेतून झिरपून ड्रेसिंग आणि चादरी भिजतात, ते पाणी तक्त्यात येतच नाही. लघवी कमी दिसली की आधी कॅथेटर (लघवीची नळी) पाहावा. सूज चढल्यावर तो मांडीखाली दबतो. विजेच्या धक्क्याने भाजलेल्या रुग्णाच्या पिशवीत लघवी काळ्या चहासारखी उतरली, तर ताबडतोब डॉक्टरांना उठवावे. ते इजा झालेल्या स्नायूंमधून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन असते आणि अशा वेळी ताशी ७५ ते १०० मिली लघवीचे लक्ष्य धरतात.

उत्तर (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ)
सिस्टरांचे म्हणणे अगदी खरे आहे. माझे गणित सावध होण्यापुरतेच वापरावे. मॉडेलविषयी: कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या गटाने एनजीएएल (किडनीच्या इजेत लवकर वाढणारे प्रथिन), क्रिएटिनिन, लघवी आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) यांवर संगणक शिकवून भाजलेल्या रुग्णांत असे भाकीत करून पाहिले आहे. पण एनजीएएल जंतुसंसर्गातही वाढते आणि हीच आपली खरी अडचण आहे, कारण पहिले तीन दिवस टळल्यावर इजेची दुसरी लाट येते ती बहुधा सेप्सिसमधूनच, म्हणजे शरीरभर पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गातून, आणि तेव्हा सुरू असलेले कोलिस्टिन किंवा अमिकासिन हे किडनीला जड जाणारे प्रतिजैविक तिच्यात भर घालते. तोपर्यंत स्नायू झडलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी दिसते. त्या आठवड्यात ०.६ चे ०.९ झाले तरी मी औषधांची यादी पुन्हा तपासतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. लघवी कमी म्हणून सलाइन वाढवतच राहू नका. २४ तासांत किलोमागे २५० मिली, म्हणजे आपल्या रुग्णात १५ लिटर, ओलांडले की पोटातील दाब वाढून त्यानेच किडनीचा रक्तपुरवठा दबू शकतो. पोट ताठ लागले, तर त्याच कॅथेटरमधून मूत्राशयातील दाब मोजा, आणि तो २० मिमी पाऱ्याच्या वर टिकून राहिला, तर वरिष्ठांना रात्रीच बोलवा.